‘अगदी आपल्या अळूसारखं’ : जर्मनीत नव्याने आलेल्यांसाठी भाजीची ओळख

गेल्या मे महिन्यात एका नव्या जोडप्याचा फोन आला. शेजारच्या जर्मन आजींनी त्यांच्या बागेतली ताजी जुडी दिली होती. जाड लालसर देठ आणि त्यावर हातपंख्याएवढी हिरवीगार पानं. ‘ताई, अगदी आपल्या अळूसारखी पानं आहेत. वड्या करू की फदफदं?’ मी विचारलं, देठावर उभ्या शिरा आहेत का? आहेत. देठाचा तुकडा चावला तर आंबटढाण लागतो का? लागतो. मग पानं आत्ताच्या आत्ता कचऱ्यात टाक आणि देठ तेवढे ठेव, असं तिला सांगितलं. तो राबार्बर होता. त्याचे देठ साखर घालून शिजवतात, केकमध्ये घालतात. पानांत मात्र ऑक्झॅलिक आम्ल इतकं असतं की ती विषारीच समजायची. अळूची खाज चिंचेने मरते, म्हणून हिने चिंचही भिजत घातली होती. चिंचेने राबार्बरच्या पानाचं काही होत नाही आणि शिजवूनही ते आम्ल जात नाही. आजींचा काही दोष नव्हता. ही पानं खायची नसतात हे इथल्या शाळकरी पोरांनाही माहीत असतं, त्यामुळे वेगळं सांगावं असं त्यांना वाटलंच नाही.

त्या फोननंतर हे लिहायचं ठरवलं. मी २००७ मध्ये फ्रँकफुर्टला आले. तेव्हापासून घर, अनमेल्डुंग (म्हणजे पत्त्याची सरकारी नोंदणी), विमा, किंडरगार्टन यांची माहिती प्रत्येक नव्या माणसाला दहा जणांकडून मिळताना पाहते आहे. भाजी कशी ओळखायची हे मात्र कुणी सांगत नाही. भाजीत काय ओळखायचं, असंच सगळ्यांना वाटतं. आपण मंडईत वाढलेली माणसं, मेथी आणि शेपू डोळे मिटून ओळखतो. इथे नेमका तोच आत्मविश्वास घात करतो. आपला डोळा आपल्या मातीतल्या भाज्यांवर तयार झालेला असतो आणि परक्या मातीत तो ओळखीचं काहीतरी शोधत राहतो. मग तोंडातून निघतं, ‘अगदी आपल्या अमक्यासारखं’. हे शब्द तोंडाशी आले की हातातलं पान खाली ठेवा आणि त्या झाडाचं इथलं नाव काय ते आधी विचारा.

दुकानातली गोष्ट तशी सोपी आहे. ताज्या भाजीच्या पाटीवर नाव, भाव आणि कोणत्या देशातून आली ते लिहिलेलं असतं. पाटीचा फोटो काढून ठेवा, महिन्याभरात वीस-पंचवीस शब्द होतात. आठवडी बाजारात मात्र भाजीला स्वतः हात लावू नका. काय हवं ते सांगायचं, विक्रेता काढून देतो. आपल्याला जुडी उलटीपालटी करून बघायची सवय असते आणि इथे ते उद्धटपणाचं दिसतं. पण नाव विचारलंत, कशी करतात विचारलंत, तर हीच माणसं मागे रांग असली तरी पाच मिनिटं मन लावून सांगतात. जर्मन माणूस रुक्ष असतो असं आपल्यातले बरेच जण पहिल्या महिन्यातच ठरवून टाकतात. त्यांनी एकदा बाजारातल्या बाईला बटाट्याच्या जातींबद्दल विचारून बघावं.

कोथिंबीर म्हणून पार्सली प्रत्येकाने एकदा आणलेलीच असते. इथे तिला पेटरझीलिए म्हणतात. कुरळ्या पानांची लगेच कळते, फसवते ती सपाट पानांची. पानाची टोकं बघा : कोथिंबिरीची गोलसर आणि नाजूक असतात, पार्सलीची टोकदार आणि पान जरा जाड, गडद. शंका आली तर पान बोटांत चुरून वास घ्या. कोथिंबिरीला कोरिआन्डर म्हणतात, पण सुपरमार्केटमध्ये ती प्लास्टिकच्या डबीत चार काड्या किंवा एवढ्याशा कुंडीत मिळते. जुडी हवी असेल तर तुर्की दुकानात जा.

तुर्की दुकानाबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण आपले लोक तिथे जायला उगाच बिचकतात. आठवड्यातून एकदा विमानाने येणारी, सुकत चाललेली मेथीची एवढीशी जुडी भारतीय दुकानातून सोन्याच्या भावाने आणतील, पण घरासमोरच्या तुर्की दुकानातल्या ताज्या पाल्याच्या ढिगाकडे बघणार नाहीत. पालेभाजी मनापासून खाणारा समाज आहे तो. तिथे पालक मुळासकट, मातीसकट मिळतो. त्याला इस्पानाक म्हणतात. शेपू म्हणजे देरेओतु, पुदिना म्हणजे नाने, भेंडी म्हणजे बाम्या, कोथिंबीर म्हणजे किश्निश. जर्मन दुकानातला शेपू, म्हणजे डिल, माशावर भुरभुरायला म्हणून चिमूटभर मिळतो. तुर्की दुकानातल्या दोन जुड्यांत चार माणसांची भाजी होते. फेनेलचा, म्हणजे फेन्शेलचा, तुरा हुबेहूब शेपूसारखा दिसतो. त्याला बडीशेपेचा वास येतो आणि खाली पांढरा गड्डा असतो. खाल्ला तरी काही बिघडत नाही, भाजी गोडसर होते इतकंच.

आणि सेमिझोतु विसरू नका. हा आपला घोळ. जाड रसदार लालसर देठ, चमच्यासारखी गुळगुळीत मांसल पानं, किंचित आंबट चव. पहिल्यांदा दिसला तेव्हा मी तिथेच पान तोंडात टाकलं आणि डोळे भरून आले. उन्हाळ्यात जुड्यांनी येतो. जर्मनमध्ये याला पोर्टुलाक म्हणतात, पण ‘विंटरपोर्टुलाक’ लिहिलेलं दिसलं तर ती वेगळीच, हिवाळी सॅलडची पानं. खायला चांगली, पण घोळ नव्हे. फरसबंदीच्या फटींतही घोळ उगवतो. तिथेच, तसाच जमिनीला चिकटून, चिकाच्या दुधी तणासारखी छोटी वनस्पतीही उगवते. देठ मोडून बघा. पांढरा चीक आला तर ती युफोर्बिया, विषारी. घोळाला चीक नसतो. फटीतला घोळ मी तरी खात नाही, तिथून कुत्री फिरतात.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते सांगते.

मार्च ते मे या काळात इथल्या ओलसर जंगलांत झाडांखाली हिरवा गालिचा पसरतो आणि हवेत लसणीचा वास भरून राहतो. तो बेअरलाउख, रानलसणीचा पाला. जर्मन लोक त्याचं पेस्टो करतात, सुपात घालतात. आपल्याकडच्या बायकांना तो कळला की थालीपीठ, पराठे, चटणी, सगळ्यात पडतो. मलाही २००९ च्या एप्रिलमध्ये तो कळला. सासूबाई तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. आम्ही चार मराठी कुटुंबं मिळून जंगलात गेलो. सगळ्यांनी मुठी भरभरून पाला ओढला. मीही ओढला, पिशवी भरली आणि संध्याकाळी थालीपिठं लावली.

रात्री अकराच्या सुमारास आईंना उलट्या सुरू झाल्या. प्रवास, बदललेलं पाणी असं म्हणून मी ओवा दिला. एक वाजता त्या म्हणाल्या, ‘अगं, दिवा एवढा पिवळा का दिसतोय?’ नवऱ्याने नाडी धरली तर चाळीसच्याही खाली. ११२ या आपत्कालीन नंबरला फोन केला. रुग्णालयात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, काय खाल्लं? मी म्हटलं, लसणीचा पाला. दुसरा प्रश्न, उरला आहे का? मी सगळी डेखं, उरलेली पानं ओल्या कचऱ्यात टाकून मोकळी झाले होते. नवऱ्याने पहाटे तीन वाजता खाली जाऊन डबा उपसला. त्या पानांत मायग्ल्योकशेनची पानं निघाली. हे लिली ऑफ द व्हॅली नावाचं पांढऱ्या घंटांच्या फुलांचं सुंदर झाड. फूल, पान, फळ, सगळं विषारी. त्यातलं विष हृदयावर डिगॉक्सिन या हृदयविकाराच्या औषधासारखंच काम करतं, आणि आई डिगॉक्सिनची गोळी रोज घेत होत्या. आम्हा दोघांना नुसती मळमळ झाली. त्या तीन रात्री मॉनिटरवर होत्या.

त्या वाचल्या. प्रवासी विम्याने आधीच्या हृदयविकाराकडे बोट दाखवून हात वर केले आणि रुग्णालयाचं बिल आम्ही चौदा महिने हप्त्यांनी फेडलं. पैशाचं दुःख कधीच गेलं. माझ्या हातचं खाऊन त्यांची ती अवस्था झाली, हे मात्र आजही गेलेलं नाही.

कुठे चुकले ते नीट सांगते, कारण दर वसंतात नवी माणसं हेच करताना मी पाहते. मी वासावर विसंबले. पहिली चार पानं खुडली की बोटांना लसणीचा वास लागतो. त्यानंतर हातात घेतलेल्या प्रत्येक पानाला तोच वास येणार, मग ते कसलंही असो. दुसरी चूक, मूठ भरून ओढणं. बेअरलाउख आणि मायग्ल्योकशेन एकाच जंगलात, कधीकधी एकमेकांत मिसळून वाढतात. ‘इथे सगळा बेअरलाउखच आहे’ असं कधीही धरून चालू नका.

आता ओळखीच्या खुणा. बेअरलाउखचं प्रत्येक पान आपापल्या बारीक देठावर, एकेकटं जमिनीतून वर येतं. पानाची मागची बाजू मंद, बिनचमकीची असते. मायग्ल्योकशेनची दोन, कधी तीन पानं एकाच दांड्यावर, एकमेकांना वेढून येतात आणि त्यांची मागची बाजू चकाकते. तिसरा सोबती या दोघांहून वाईट : हर्ब्स्टझाइटलोझ. त्याची जांभळी फुलं शरद ऋतूत येतात आणि पानं वसंतात, त्यामुळे पानं दिसतात तेव्हा ओळख पटवायला फूल नसतं. ओलसर कुरणांत आणि जंगलाच्या कडेला वाढतं. त्याच्या पानांना देठच नसतो. लांब, भाल्यासारखी, ताठ आणि दोन्ही बाजूंनी चमकदार पानं एका झुबक्यात निघतात. त्यातलं कोल्चिसिन हे विष शिजवून नष्ट होत नाही. त्रास बहुतेकदा दोन ते सहा तासांनी सुरू होतो, म्हणजे जेवणाशी त्याचा संबंध कुणाच्या लक्षातही येत नाही. त्यावर उतारा नाही आणि या देशात त्याने माणसं दगावली आहेत. चौथा आरोनश्टाब. त्याची कोवळी पानंही या गर्दीत असतात. बेअरलाउखच्या शिरा देठापासून टोकापर्यंत समांतर जातात, आरोनश्टाबच्या शिरांचं जाळं असतं आणि पान मोठं झालं की बाणाच्या टोकासारखं होतं.

एवढं वाचूनही जायचंच असेल तर पानं एकेक करून खुडा, देठ बघत. घरी आल्यावर हात साबणाने धुऊन ओट्यावर वर्तमानपत्र पसरा आणि प्रत्येक पान पुन्हा उलटून बघा. देठ नाही, मागची बाजू चमकते, दोन पानं जोडलेली आहेत, यातलं एक जरी दिसलं तरी ते पान बाद. पिशवीत अशी बरीच निघाली तर अख्खी पिशवी बाद. घरातल्या वृद्धांना, गरोदर बाईला आणि लहान मुलांना रानातला पाला देऊच नका. कायद्याचंही लक्षात ठेवा : स्वतःच्या खाण्यापुरता मूठभर पाला घेता येतो, पण संरक्षित निसर्गक्षेत्रात पानालाही हात लावायचा नाही. तिथे तशा पाट्या असतात. मी स्वतः त्यानंतर एकदाही जंगलातून आणलेला नाही. मार्चच्या अखेरीस आठवडी बाजारात जुड्या येतात, त्या आणते आणि त्याही एकेक पान बघूनच चिरते.

काही झालंच तर वाट बघू नका. ओवा, लिंबूसरबत, ‘सकाळी बघू’ हे आपलं नेहमीचं तंत्र इथे जीव घेईल. माणूस गळून गेला, नाडी मंद वाटली तर ११२. नुसती शंका असेल तर विषबाधा माहिती केंद्राला फोन करा, त्याला गिफ्टनोट्रूफ म्हणतात. बहुतेक केंद्रांच्या नंबरात शहराच्या कोडनंतर १९२४० असतं; आपल्या राज्याचा नंबर आजच शोधून फ्रिजवर लावा. उरलेली भाजी, साली, डेखं, उलटीसुद्धा टाकू नका. डॉक्टरांना नाव सांगण्यापेक्षा पान दाखवणं कधीही चांगलं.

आणि कृपा करून व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकून ‘हे खातात का?’ असं विचारणं बंद करा. आमच्या त्या सहलीच्या आधी मीही विचारलं होतं. सात जणांनी ‘हो हो, बिनधास्त’ म्हणून अंगठे दाखवले होते. त्यातल्या एकानेही ते पान कधी हातात धरलेलं नव्हतं. आपल्या लोकांचा एकमेकांना मदत करायचा उत्साह मोठा आहे, नवख्याला विमानतळावरून आणण्यापासून डबा देण्यापर्यंत. पण माहीत नसताना ‘माहीत नाही’ म्हणायला आपण कचरतो. फोनमधल्या झाडं ओळखणाऱ्या ॲपचंही तेच. फुलाचं नाव कळायला ठीक आहे, त्याच्या भरवशावर घास तोंडात घालायचा नाही.

रानातलं काही आणायचंच असेल तर पहिली दोन वर्षं फक्त ब्रेननेसल आणा. हात लावला की आग होते, म्हणजे झाड स्वतःच ओळख देतं. हातमोजे घालून, फुलं यायच्या आधी, शेंड्याची चार-सहा कोवळी पानं खुडा. उकळत्या पाण्यात मिनिटभर ठेवली की आग जाते. पालकासारखी डाळभाजी होते, चवीला पालकाहून सरस. जमिनीलगतचं काहीही कच्चं खाऊ नका, कोल्ह्याच्या विष्ठेतून पसरणारा एक फीतकृमी इथे आहे. शिजवलं की तो मरतो. चाकवतही इथे शेताकडेला उगवतो, कोवळ्या पानांवर पिठासारखी पांढरी भुकटी असते. पण कोवळा चाकवत आणि कोवळी विषारी कामोणी यांत गल्लत होते, म्हणून तो पुढच्या वर्षांसाठी ठेवा. पांढऱ्या छत्रीसारख्या फुलांच्या, कोथिंबीर-गाजराच्या पाल्यासारख्या दिसणाऱ्या कुठल्याही रानझाडाला मात्र कधीच हात नको. त्यात शिअर्लिंग, म्हणजे हेमलॉक असतं. ओढ्याकाठची भलीमोठी गोल पानं अळू नसतात, ती पेस्टवुर्त्स, यकृताला घातक.

आंबट चुक्यासाठी जीव तळमळत असेल तर झाउअराम्पफर घ्या. चुक्याचाच भाऊबंद. लांबट पान आणि देठाजवळ मागे वळलेली दोन टोकं ही त्याची खूण. फ्रँकफुर्टला राहणाऱ्यांना हे सोपं आहे, कारण इथल्या हिरव्या सॉसमध्ये, म्हणजे ग्र्यूने झोसंमध्ये, सात पाले पडतात आणि त्यात झाउअराम्पफर असतोच. ओबरराडच्या मळ्यांतून येणारे हे सात पाले कागदात गुंडाळून विकतात. क्लाइनमार्क्टहाले या बंदिस्त बाजारात झाउअराम्पफर सुटाही मागून बघा. डाळ-दाणे घालून याची गरगट केली तर तिकडची की इकडची, कळणार नाही. मूतखड्याचा त्रास असलेल्यांनी जपून.

मांगोल्ड दिसला की पालक समजून घ्यायला हरकत नाही. मोठं चुरमुडलेलं पान, जाड पांढरा, पिवळा किंवा लाल देठ. देठ आधी परता, पानं नंतर. लाल देठाचा मांगोल्ड आणि राबार्बर यांत गोंधळ झाला तर देठ चावून बघा : मांगोल्डचा आंबट लागत नाही. दुकानात राबार्बर बहुधा पानं काढूनच येतो, गफलत शेजाऱ्यांच्या बागेतल्या भेटीत होते. मुळ्याच्या किंवा मोहरीच्या पाल्याची आठवण आली तर ऱ्हाइनलँडकडच्यांनी वसंतात र्‍यूबश्टील शोधावा, कोवळ्या सलगमचा देठांसकट पाला. कोलराबी म्हणजे नवलकोल. जर्मन माणसं त्याची पानं दुकानातच तोडून खोक्यात टाकतात, काहीजण ती सशांसाठी नेतात. तो पाला खाण्याजोगा आहे, कोवळा असेल तर नक्की घ्या. राडीस्शन या छोट्या लाल मुळ्यांचा पालाही तसाच.

कोबीची एवढी रूपं बघून घाबरू नका, सगळी खायचीच आहेत. आपल्या भाजीला सर्वांत जवळचा टोकदार श्पिट्सकोल. सुरकुतलेला विरझिंगही छान शिजतो. कुरळा ग्र्यूनकोल थंडी पडल्यावरच घ्या, हिमाने गोड होतो.

पांढऱ्या मुळांत मात्र लक्ष द्या. मुळा म्हणजे रेटिश. त्याच्या नावाला ‘मेअर’ जोडलं की मेअररेटिश, बाहेरून मातकट, खरखरीत. तो किसून दही घालून कोशिंबीर केलेल्या एका भावोजींना श्वास घेता येईना. विषारी नाही, पण मोहरीच्या दहापट झणका. पास्टिनाक आणि पार्सलीचं मूळ जुळ्या भावांसारखे दिसतात : जिथून पाला फुटतो तिथे खळगा असेल तर पास्टिनाक, उंचवटा असेल तर पार्सली. श्पार्गल, तो पांढरा शतावरीसारखा, २४ जूनला संपतो. त्याचं वेड मला अजून लागलेलं नाही. लाउख म्हणजे दांडगा पातीचा कांदा. उभा चिरून आतली रेती धुवा.

भोपळावर्गीयांबद्दल एकच गोष्ट, पण ती पक्की धरा. कडू लागला तर थुंका. आपली जीभ कारल्यावर वाढलेली. कडू लागलं तरी आपण गूळ घालून संपवतो, ‘औषधी आहे’ म्हणतो. झुकिनी, काकडी, दुधी, लाल भोपळा यांचा कडूपणा कारल्यासारखा समजू नका. तो कुकुर्बिटासिन या विषाचा असतो आणि शिजवून जात नाही. २०१५ मध्ये हायडनहाइम इथे घरच्या बागेतली कडू झुकिनी खाऊन एक ७९ वर्षांचे गृहस्थ वारले. ऑक्टोबरात दुकानांबाहेर रंगीबेरंगी, चिमुकले, चामखिळीवाले भोपळे मांडतात, ते त्सीअरक्युर्बिस. शोभेचे, खायचे नव्हेत. शेजारच्या बागेत ते असतील तर परागीभवनातून तुमच्या झुकिनीच्या बियांत त्यांचा कडूपणा उतरतो. म्हणून या वर्गाच्या घरच्या बिया धरून ठेवू नका, दर वर्षी विकतच्या आणा. खायच्या भोपळ्यांत केशरी होक्काइडो घ्या, साल काढावी लागत नाही.

फरसबी कच्ची कधीच नाही, कोशिंबिरीतसुद्धा. हिरवा पडलेला, कोंब आलेला बटाटा टाका.

मोडांबद्दल सांगायलाच हवं, कारण आपल्या घराघरांत मोड येतात. २०११ च्या मे-जूनमध्ये इथे ईएचईसी जिवाणूची साथ आली. सुरुवातीला काकडी, टोमॅटो, सॅलडवर संशय होता. आम्ही आठवडाभर घरात कच्चं काही आणलं नाही. बाजारात काकडीचे ढीग पडून राहिले. जूनमध्ये कळलं की दोष मोडांचा होता, आणि माग पोहोचला मेथीच्या दाण्यांपर्यंत. ५३ माणसं गेली. आपली मोड आलेली मेथी! त्या दिवसापासून मी मोड उकळल्याशिवाय कुणाच्या पानात वाढत नाही. तुम्हीही वाढू नका, विशेषतः मुलांच्या डब्यात.

भारतातून येताना पिशवीत जुड्या आणि कढीपत्ता कोंबून आणणाऱ्यांसाठी : १४ डिसेंबर २०१९ पासून युरोपीय संघात बाहेरून ताजी भाजी, फळं, पाला, लावायच्या बिया आणायच्या तर वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. सूट फक्त अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन या पाच फळांना. आईने प्रेमाने बांधून दिलेला कढीपत्ता विमानतळावरच्या डब्यात टाकताना फार वाईट वाटतं. आईला आधीच सांगून ठेवा.

मेथी बाल्कनीतच लावा. इथल्या कुठल्याही किराण्यातले बॉक्सहॉर्नक्ले, म्हणजे मेथीदाणे, रात्रभर भिजवून पसरट कुंडीत दाट पेरा. चार दिवसांत तोंड वर काढते, तीन-चार आठवड्यांत कापायला येते. थोडी थंडी सोसते, त्यामुळे एप्रिलमध्ये पेरली तरी चालते. दुधी, दोडका, भेंडी, मिरची यांची रोपं मात्र आइसहायलिगे संपेपर्यंत आत ठेवा. हे ११ ते १५ मेचे दिवस, तोवर एखाद्या रात्री पाणी गोठतं. मी पहिल्या वर्षी एप्रिलच्या उन्हाला भुलून दोडक्याची रोपं बाहेर ठेवली आणि सकाळी सगळी काळी पडली होती. शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी आपल्याकडची तीन रोपं आणून दिली, झुकिनीची. तेव्हापासून आमच्या बाल्कनीत त्यांच्याच सांगण्यावरून १६ मेला कुंड्या बाहेर जातात.